शेऱ्याची रेघ

रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात
चार नंबरचं पॅकिंग मशीन
बिघडायच्या आधी खोकतं.
अकरा वर्षं मी ते खोकणं ओळखतो.
कुणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
बंद पडलं की निवांत चहा मिळायचा, एवढंच.

सकाळच्या मीटिंगला सहा खुर्च्या.
कायमवाले बसत, आम्ही भिंतीला.
फळ्यावर त्यांची नावं,
आणि खाली नुसतं : कंत्राटी, नऊ.

मार्चअखेरीला भिवंडीहून फकीह मॅडम आल्या.
त्यांनी आणखी खुर्च्या मागितल्या.
मंजूर झाल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी त्यांनी सहाही खुर्च्या
स्वतः ओढत पॅसेजमध्ये नेल्या.
सगळे उभे. त्यासुद्धा.
(प्रधानकाकांचा गुडघा दुखतो,
तेवढी एक परत आणली.)

मग फळा पुसून नावं विचारली.
उडिया पोराचं नाव तीनदा चुकलं त्यांचं,
चौथ्यांदा त्यानंच खडू घेतला.

"मढवी, तुम्हाला काय वाटतं?"
असं विचारणारे आधीही होते,
विचारून घड्याळ बघायचे.
या थांबल्या.
पेनाला टोपण लावून थांबल्या.
एवढी शांतता मला कुणी दिली नव्हती.
गडबडून मी घणसोलीच्या घरातलंच बोललो :
"दोन दिसान तुटल यो पट्टा."
कुणीतरी फिसकन हसलं.
मॅडम म्हणाल्या, "चला, ऐकवा मला."

पट्टा उघडला तर धडधाकट.
खोटं कशाला सांगू, मी चुकलो होतो.
गेलं होतं शेजारचं बेअरिंग.
त्यांनी वहीत दोन्ही लिहिलं,
चुकलेलं आणि सापडलेलं,
पुढे माझं नाव, आडनावासकट.

पगार तोच आहे.
कंत्राटही तेच, अकरा महिन्यांचं,
ते मी विसरलेलो नाही.
पण रविवारी घरात मिक्सर लागला
तरी मी मान वाकडी करून ऐकतो.
बायको म्हणते,
कान तिकडेच ठेवून आलात की काय.

काल हेड ऑफिसचा फॉर्म आला :
कामात मन रमतं का? एक ते पाच.
दरवर्षी न वाचता तीनला गोल करायचो.
या वेळी गोल करायचा राहूनच गेला.
तळाला शेऱ्याची एक रेघ होती,
इतकी वर्षं दिसली कशी नाही कोण जाणे.
ती पुरली नाही.
पान उलटून लिहीत बसलो
दोन नंबरच्या मशीनबद्दल.