सायकलींना बंदी

शनिवारी मतदान.
म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी दुकान बंद,
शाळेच्या कुंपणाच्या आसपास एकही सायकल नको,
असं आयोगाचा माणूस दोनदा बजावून गेला.
आमच्या गांबियात मत म्हणजे काचेची गोटी.
ज्याच्या त्याच्या रंगाच्या पिंपात सोडायची,
आत दडलेली घंटा एकदाच बोलते : टिंग.
सायकलची घंटाही तसंच बोलते.
उगाच कुणाला वाटायचं, एकानं दोनदा मत दिलं.

म्हणून गुरुवारीच सगळे येऊन बसले,
फाटक्या टायरवर, तेलाच्या डब्यावर.
निखाऱ्यावर अत्ताया उकळत होता.
पहिला पेला, नेहमीसारखा कडूजहर.
शेरिफो म्हणाला, मुसुकेब्बा पडणार.
लिहून ठेव. उत्तर तीरावर तिला
कुत्रं ओळखत नाही.

देंबा उसळला :
अरे, बावीस वर्षं सुईण आहे ती बानसांगच्या इस्पितळात,
अर्धा जिल्हा तिच्या हातावर जन्मला!

शेरिफोनं बोटांची पेरं मोजली.
बावीसातून अठरा गेले, उरले चार.
चार वर्षांची पोरं तेवढी मतदार,
बाकीची अजून गोट्याच खेळतायत.

हसता हसता किटली लवंडणार होती.

आणि त्यांच्या आया? देंबा म्हणाला,
त्या धरल्यास का हिशेबात?
आया काय, नवऱ्याला विचारून...
इथे शेरिफो थांबला,
कारण डोक्यावर शेंगदाण्याची पाटी घेऊन
समोरून न्यिमा येत होती,
आणि न्यिमा त्याचीच बायको.
चालू दे, ती म्हणाली, मी ऐकत नाहीये.

मग साइनी मास्तरांनी काडीनं मातीत रेघा मारल्या.
सहा उमेदवार, फुटलेली मतं, कोण कुणाची खाणार.
शेवटी म्हणाले, तिचं पिंप पोपटी,
संध्याकाळच्या उजेडात राखाडी दिसतं,
म्हाताऱ्यांची तीसेक मतं तिथेच जातील.
रेघांवरून एक कोंबडी चालत गेली.

आणि तुझं काय, सायकलवाल्या?

मी चाकाचा आक काढत होतो.
म्हटलं, माझ्याकडे चाळीस घंटा आहेत,
दिसायला सारख्या, पण डोळे मिटून सांगेन
कुठली कुणाची.
पिंपांतल्या घंटा मात्र मुद्दाम एका आवाजाच्या.
हे काही उत्तर नव्हे, देंबा म्हणाला.

नव्हतंच.

माझा थोरला तिच्याच हातांत आला
आणि उजाडायच्या आत तिच्याच हातांत गेला.
वीज नव्हती त्या रात्री.
तिनं टॉर्च दातांत धरला होता,
म्हणून मला काही सांगता येईना तिला,
नुसती मान हलवली.
नंतर आठ दिवस येत राहिली घरी,
माझ्या बायकोच्या पायांना तेल लावायची,
लावून झालं की हात न पुसताच जायची.
हे मत कुठल्या बाजूला धरायचं?
शेरिफोच्या बोटांना इतकी पेरं नाहीत.

दुसरा पेला आला, त्यात साखर जास्त पडली होती,
आणि बोलणं मासळीच्या भावावर गेलं.

शुक्रवारी एकेक सायकल मागच्या अंगणात नेली,
प्रत्येक घंटेवर चिंधी बांधली.
शेजारचा तोंबोंग बघत उभा होता.
खिशातल्या गोट्या खुळखुळवत म्हणाला, कोण जिंकणार?
म्हटलं, त्या घेऊन उद्या शाळेकडे फिरकू नकोस.

रात्री शेळीनं धक्का दिला असावा,
नाहीतर एखादी गाठ सैल राहिली असेल.
अंगणात एकदाच वाजलं.
बायको जागीच होती.
अंधारात तिनं विचारलं,
कुणाची?