वासाचा डबा

नागाओका, फेब्रुवारी.
घरामागं कमरेएवढ्या बर्फात
ती करडी पेटी आज गप्प आहे.
नारुसे फावड्यानं वाट काढतो, झाकण उघडतो.

"आत काय चालतं रे एवढी वर्षं?"
तोमिए दारातूनच.

तो सांगतो, बोटं चोळत:
गॅस येतो नळानं, वाफ त्याला तापल्या निकेलवर गाठते,
कार्बनच्या चारही हातांतून
हायड्रोजन सुटतो.
तो पुढं जाऊन वीज होतो, मग पाणी.

"आणि कार्बन?"

नारुसे बुटांकडं बघतो.
"तो जातो वर, हवेत.
ते काही या पेटीला जमलेलं नाही."

पण सगळ्यांत आधी वास काढायचा.
गॅसला स्वतःचा वास नसतोच;
गळती कळावी म्हणून घालतात, माणसांसाठी.
यंत्राला तो विष.
म्हणून हा डबा.
दहा वर्षांचा वास, सगळा यात.

इसाबुरो गावाबाहेरच्या गॅसविहिरीवर होता.
शेवटी शेवटी त्याचं नाकच गेलं.
करपलेलं सूप मिटक्या मारत प्यायचा,
आणि दिवा मालवला की रोज:
"वास येतोय का गं कुठं?"
"नाही. झोपा."

तोमिए डबा मागून घेते,
नाकाशी धरते.
गार पत्रा. बाकी काही नाही.

"येतोय," ती म्हणते,
नारुसेला नव्हे.

तो कागदावर लिहितो: डबा बदलला.
संध्याकाळपर्यंत न्हाणीचं पाणी तापेल.