वळण क्रमांक नऊ

नकाशावर आमचं गाव नव्हतं.
एक लाल रेघ होती, आतडं सांडावं तशी वाकडी,
तिच्या नवव्या बाकावर बोट ठेवून
परदेशी साहेब म्हणाला, इथं माणूस लागेल.
मी लागले.
पिवळी झेंडी, नारिंगी कोट, कानात रबराची बोंडं,
दिवसाचे नऊशे, जेवण त्यांचं.

बाबा शंकरपटात घडी धरायचे.
पैकुजी नेवारे, घडीवाला.
जोडी दाणीत सुटली की श्वास थांबवायचे,
झेंडी पडली की सोडायचे:
सहा सेकंद, एकेचाळीस पॉइंट.
पाटलाची जोडी असली तरी आकडा हलला नाही.

आता जिथं डांबर आहे तिथं आखर होता.
पळसाची झुडपं, खुरांनी पाडलेली वाट,
गायगोदनाला ढाल तिथंच उभी राहायची.
तलाठी म्हणाला, ई-क्लास म्हणजे कोणाचीच नाही,
म्हणून मोबदला कोणालाच नाही.
बाबा म्हणाले, कोणाचीच नाही
म्हणून तं आमची होती ना बावा.

खोटं बोलणार नाही, मला आवडलं होतं.
बरगडी आतून थरथरायची.
एकदा समोर गाडी घसरली, मी झेंडी हलवली,
आणि तालुक्याहून महाग अशी दुसरी गाडी
माझ्या हाताकडं बघून हळू झाली.
माझ्या हाताकडं बघून
घरातही कोणी कधी हळू झालं नव्हतं.

गाडी माझ्यासमोर दीड सेकंद असायची.
गाड्या वीस, फेऱ्या बावन्न.
रात्री चुलीपाशी हिशोब केला:
सगळी शर्यत मला सव्वीस मिनिटं दिसली.

सव्वीस मिनिटांसाठी
कडेच्या हिरवळीला चार बोअर.
नाल्याचं तोंड फिरवलं, तो मग सहाऱ्यांच्या अंगणातून गेला.
शाळेचे पत्रे पुढल्या साली, मग पुढल्या साली.
मुक्ताच्या कालवडीनं तिसऱ्या दिवशी गर्भ टाकला.
डॉक्टर म्हणाले, आवाजानं झालं असं लिहिता येत नाही,
रकाना नाही तसा.

आपल्याकडं पाहुणा येताना
पोरांसाठी पावशेर शेव तरी आणतो.
हा पाहुणा येण्याचेच पैसे घ्यायचा,
आणि दरवर्षी थोडे जास्त.
चौथ्या वर्षी मुंबईत बोलणी फिसकटली म्हणे.
नारिंगी कोट तेवढा परत मागितला नाही.
तो मी पऱ्हाटीत बुजगावण्याला घातला;
रानडुकरं दोन रात्री लांब राहिली,
तिसऱ्या रात्री त्यालाच पाडून गेली.

मागच्या महिन्यात फोन.
शर्यत नव्या देशात चाललीय.
देशाचं नाव मी दोनदा विचारलं, तरी नीट कळलं नाही.
तिथल्या लोकांना झेंडी शिकवायची,
मॅडम, तुम्ही अनुभवी.
मॅडम.
जागेचा फोटो पाठवला:
उजाड माळ, रोवलेल्या खुंट्या, ताणलेली दोरी,
आणि कोपऱ्यात, काढून टाकायचा राहून गेलेला,
काठीवर हनुवटी टेकलेला म्हातारा. मागं शेळ्या.

बाबांना दाखवला.
माणसाकडं त्यांनी पाहिलंच नाही,
बोटानं एकेक शेळी मोजत बसले.
मग म्हणाले, सत्तावीस.
हे कडेची गाभण हाय.

पासपोर्टचा अर्ज आणून ठेवलाय, कोनाड्यात.
थंडीत डांबर सूर्य गेल्यावरही ऊन राहतं,
म्हणून गावची ढोरं संध्याकाळी तिथं जाऊन बसतात,
गाड्या उभ्या करायच्या पांढऱ्या चौकटींत,
एका चौकटीत एक.
पहिल्या नंबरला आमची चंद्री.
रवंथ करते, कुठंच जायचं नसल्यासारखी.
मी उठवायला जाते
तर बाबा कठड्यावर बसून, हातात बंद घडी घेऊन म्हणतात,
राहू दे पोरी,
आताच तं बसली.