पाठमोरा

नियम असा आहे, की
उतार धरणाऱ्यानं मैदानाकडं बघायचं नाही.
पाठ तिकडं. तोंड खेळाडूकडं.
तो सांगेल तेवढंच हलवायचं,
स्वतःच्या मनानं बोटभरसुद्धा नाही.

कोनापुरे मॅडमनी हे वाचून दाखवलं
तेव्हा नाना हसले.
बावीस वर्षं जॉबर,
नुसत्या आवाजावरून सांगणारे
कुठल्या मागाचा धोटा अडलाय.
त्यांना मी सांगायचं, डावीकडं घ्या?

माझ्या आजाराचं नाव
पुण्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं.
जिल्ह्यात असे किती, विचारलं,
तर म्हणाले, मोजलेत कुणी?
चिठ्ठी नानांच्या खिशात मऊ पडली.
पाहुण्यांना ते सांगायचे, पायात जरा कमजोरी आहे,
आणि माझ्या चपलांकडं बघायचे.
पुढं चाकांकडं.
सहा वर्षं माझ्याकडं असं
खालूनच बघणं झालं.

विडी घरकुलातल्या मंगल कार्यालयाचा मागचा हॉल
बिनमुहूर्ताच्या शनिवारी आमचा.
फरशीवर चिकटलेल्या अक्षता,
भिंतीवर थर्माकोलमधलं कुणाचं तरी शुभविवाह,
त्यातला शुभ गळून पडलेला,
आणि आम्ही सात जण, खुर्च्यांवर, चाकांच्या.

चेंडू अम्मानं शिवलेत.
चादरीचे उरलेले काठ, लाल सहा, निळे सहा.
आधी आत चिंचोके होते, फार वाजायचे;
मग वाळू.
हजार विड्या वळून झाल्यावर, रात्री अकराला,
किराणावाल्याच्या काट्यावर तोललेले,
पाव किलो नि वर चिमूटभर.
एक पांढरा. तो आधी जातो.
बाकी सगळा खेळ त्याच्या जवळ जाण्याचा.

सुरू करण्याआधी मॅडम विचारतात,
या महिन्यात काय गेलं?
होईल बरं, असं कुणी म्हणायचं नाही.
गंगव्वा म्हणते, वेणी. हात डोक्यापर्यंत पोचत नाही.
तौफिक म्हणतो, तांब्या. भरलेला.
मी म्हणतो, सही.
त्या वहीत लिहितात, तारखेसकट,
वही मिटून खिडकीत ठेवतात.
टाका आता.

पहिल्या वेळी मला संताप आला होता.
पण घरी कुणी लिहीत नाही,
घरी नुसता पेला बदलतो,
स्टीलचा जाऊन प्लास्टिकचा येतो,
आणि सगळे चहाच्या चवीबद्दल बोलतात.

माझा उतार म्हणजे उभा चिरलेला पाइप,
जुन्या मागाच्या फळीवर बसवलेला.
नानांनी एका रात्रीत केला, काही न विचारता.
कपाळाच्या पट्टीला एक काडी,
तिनं चेंडू ढकलायचा.

पहिल्या शनिवारी तीनदा वळून बघितलं त्यांनी.
तीनदा चेंडू बाद.
चौथ्यांदा मी ओरडलो, नाना, इकडं!
हॉल गप्प झाला.
त्यांच्यावर ओरडण्याइतकं
कधी काही माझ्या हातात नव्हतं.

आज शेवटचा चेंडू.
तौफिकचा निळा पांढऱ्याला खेटून बसलाय
जावयासारखा.
डावीकडं. अजून. थोडं मागं. बास.
उंची वाढवा. नको, होती तीच.
नाना करतायत. कपाळावरून घाम डोळ्यात,
पुसत नाहीत, उतार हलेल म्हणून.

इतक्यात वीज गेली.
पंखे थांबले, मागोमाग गल्लीतले सगळे माग.
त्रेचाळीस डिग्रीची ती अचानक शांतता.
मी काडी टेकवली.

चेंडू निघाला.
वाळूचा सरसर आवाज फरशीवर,
एका अक्षतेवर किंचित अडखळून पुढं,
मग टक्. मग आणखी एक, हलकं, टक्.

गंगव्वानं तोंडावर हात नेला,
जिथवर जातो तिथवर.

नानांनी मान वळवली नाही.
ते माझा चेहरा बघतायत,
अगदी जवळून,
भुवई, ओठ, नाकपुड्या,
सगळे धागे एकेक करून.

मी मुद्दाम चेहरा कोरा ठेवलाय.
अजून थोडा वेळ
बघू देत.