माझ्या नावचा ट्रॅक्टर

बँकेतला साहेब वाईट नव्हता.
खुर्ची दिली, पाणी विचारलं,
मग स्क्रीनकडे बघत म्हणाला, "सिबिल बसत नाही, मावशी."
जसं ब्लाउज बसत नाही म्हणावं.
मी म्हटलं, कुठं आवळतं ते तरी सांगा,
उसवून देते.

तो हसला. म्हणाला, आधी रिपोर्ट काढा,
वर्षातून एकदा फुकट मिळतो.
आपला कागद आपण वाचा, मग या.

भाऊबीजेपासून इकडं नाटकांचा हंगाम.
दोन मंडळांचे कपडे माझ्याकडे:
राजाचा अंगरखा, खलनायकाचा कोट,
आणि एक घागरा, ज्याची जर
रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात उसवते.
ओव्हरलॉकची मशीन हवी होती, एवढंच.
एकतीस हजार.

वडशाला स्टेशनमागं तुळशीदास मेश्रामचं सेवा केंद्र.
त्यानं पॅन टाकलं, जन्मतारीख टाकली, आणि थांबला.
"ओटीपी गेला, काकू. शेवट सत्तेचाळीस."
शेवट सत्तेचाळीस म्हणजे माझं जुनं सिम,
सासूच्या बटनवाल्या मोबाइलात,
सावरटोल्याला, चुलीजवळच्या फळीवर.

शेजारच्या भिवराबाईला फोन लावला.
तिलाही वाचता येत नाही, सासूलाही नाही.
एकीच्या कानाशी फोन, दुसरीच्या हातात मोबाइल,
हिरवं बटन दाबून मेसेज उघडायचा, इतकं नातवानं शिकवलेलं.
पहिल्या खेपेला वेळ संपली.
दुसऱ्या खेपेला मी म्हटलं, दिसतं तसं सांगा.

"पहिला कोयत्यावानी."
सात.
"मंग भोपळा."
शून्य.
"मंग भोपळ्यावर भोपळा."
"मंग नुसती काडी."
"हे काय माय, खुर्ची उलटी ठेवली कोनं?"
चार, चार, टाक तुळशीदास!
"आनं परत तोच कोयता."

दार उघडलं.

अकरा पानं. पाच रुपयाला एक.
माझं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं.
ब्रम्हपुरीच्या त्या खोलीचा पत्ता,
जिथं पोरगी पहिलं पाऊल टाकून आपटली होती,
मी विसरले होते घर नंबर, कागद नव्हता विसरला.
बचत गटातून घेतलेली पहिली मशीन,
महिन्या-महिन्यापुढं शून्य, शून्य, शून्य.
तुळशीदास म्हणाला, इथं शून्य म्हणजे चांगलं.
शाळेत असताना असं कुणी म्हटलं नाही मला.

एका ठिकाणी मात्र साठ.
जून दोन हजार एकवीस.
त्या जूनमध्ये हे गडचिरोलीला दवाखान्यात होते
आणि मी खाटेखाली चटई टाकून.
कागदाला साठ दिवस माहीत होते, चटई माहीत नव्हती.
पोरगा विचारत होता, हे चूक आहे का, काकू?
मी म्हटलं, नाही. हे माझंच आहे. राहू दे.

आणि पान नऊवर ट्रॅक्टर.
चार लाख ऐंशी हजार. थकीत.
मला सायकल येत नाही.
तुळशीदासनं उलटंपालटं करून पाहिलं:
पवनीकडची कुणी दुसरी पंचफुला लांजेवार,
साल तेच, पॅनमध्ये एका अक्षराचा फरक.
तक्रार टाकली. तीस दिवस म्हणाला.

परतीच्या काळीपिवळीत वाटत राहिलं,
तिकडं तीही कागद घेऊन बसली असेल,
माझी शून्यं मोजत,
म्हणत असेल, ही शिलाई मशीन
आपण कधी घेतली गं बाई?

सासू फळीपाशीच बसून होती,
मोबाइल अजून हातात, जपून, कोंबडीच्या पिलासारखा.
"काय निघालं?"
"ट्रॅक्टर निघाला. तुमच्या सुनेच्या नावानं."
तिनं जरा विचार केला.
"मंग आनला कावून नाही?"

उद्या अर्जुनीला प्रयोग आहे.
घागरा हातानंच टाचला,
दुहेरी दोऱ्यानं.