दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर

गाण्याखालचा आकडा अकरा होता,
त्यातले चार माझेच.

रात्रपाळीला माग बंद पडला
की मिस्त्री येईतो जो वेळ मिळतो
त्यात मी असली गाणी हुडकायचो,
भंगारात कोपरापर्यंत हात घालून
एखादं चालणारं बेअरिंग लागावं तसं.
हे लागलं पहाटे तीनला.
लिएपाया नावाचं बंदर. नकाशा बोटानं
फार वर ढकलावा लागला.
आर्विद्स म्हणून कुणी एकटाच,
आणि पायपेटीसारखं काहीतरी, भात्याला दम लागलेला.
भाषा कळेना. पण मधे तो थांबायचा,
पूर्ण थांबायचा,
जिन्यात लाइट गेल्यावर माणूस थांबतो तसा.

मुबीन नदाफला पाठवलं.
काय ऐकलालास बे, म्हणाला, कोण मेलंय का?
दोन दिवसांनी त्याच्या दुकानात तेच चालू,
काउंटरवर उघडे पडलेले फोन
आणि वैतागलेलं एक गिऱ्हाईक.
सुवर्णा कोंगारीला पाठवलं.
तिनं काहीच लिहिलं नाही.
सकाळी आकडा एकतीस.

आणखी कुणाला सांगवेना.
दीड जीबी शेंगाचटणीसारखा पुरवून वापरायचा,
म्हणून एका दुपारी कोनाड्यात
फोनसमोर फोन ठेवला
आणि गाणं आईच्या फोनमध्ये भरून घेतलं.
विडी घरकुलातली खोली. पंख्याची कुरकुर,
मांडीवर सूप घेऊन आई पानं कातरणारी,
भिंतीपलीकडे येमुलांचा माग
खटाक-खट, खटाक-खट,
गाण्याशी ताल न जुळवता.

थंडीत एकदा बघतो तर गाणं नाही.
त्याचं नावच नाही.
मुबीननं शिवी दिली. सुवर्णानं पहिल्यांदाच लिहिलं:
तुझ्याकडं आहे ना?

गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत होतो
तेव्हा निरोप आला,
माझ्याइतक्याच मोडक्या इंग्रजीत.
तू सोलापूरचा ना, तूच लिहिलं होतंस एकदा.
डिस्क जळाली. उरलं ते रागानं मीच पुसलं.
तुझ्याकडं आहे?

लाज वाटली.
कुणाची कोरी चादर नेऊन
तिच्यावर जेवून परत द्यावी, तसं.
मुबीन म्हणाला, मागचा आवाज काढून टाकू, सोपंय.
काढून बघितला.
मागाबरोबर पायपेटीही गेली,
उरला नुसता पाण्याखालून बोलल्यासारखा एक माणूस.
मग होतं तसंच पाठवलं.

उत्तर आलं चौथ्या दिवशी.
दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर
मी थांबतो तिथं
ती बाई कोण? काय म्हणते?

मी कान देऊन ऐकलं. इतके दिवस ऐकूनही
ऐकलंच नव्हतं.
कात्री थांबते, आणि आई:
अन्नं तिंटावा रा?

लिहिलं, आई आहे. तेलुगू आहे.
जेवतोस का, विचारते.

बराच वेळ तो लिहितोय, लिहितोय, असं दिसत राहिलं.
मग एवढंच:
तिथं मला कधी शब्द सापडला नव्हता.
राहू देऊ?

आता ते परत वर आहे, येमुलांच्या मागासकट.
आकडा सात.
मी, मुबीन, सुवर्णा, तो स्वतः धरला तर तो,
बाकीचे तीन कोण, कुठले, कळायला मार्ग नाही.
त्यांना वाटत असेल, ही बाईही तिकडचीच,
बंदरावरची.

आईला ऐकवलं.
हात चालू ठेवून सगळं ऐकलं तिनं,
त्या परक्या माणसाचं गाणं, दमलेला भाता,
स्वतःच्या आवाजाशी तेवढी वर बघितली.
मग? म्हणाली. जेवलास का तेव्हा?

आठवत नाही, म्हणालो.
तिनं पंचवीसचं बंडल बांधलं, दोऱ्याला गाठ मारली,
आणि पुढचं पान घेतलं.