चालू स्थितीत

किल्ली शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल,
असं दारावरच्या पुठ्ठ्यावर लिहिलंय.
दुकानदार खिळे तोलता तोलता म्हणतो, बसा,
व्हर्लीनबाई येतीलच,
दाताच्या डॉक्टरकडून सुटल्या की.

मिसिसिपीच्या सपाटीवर
सकाळपासूनचं हे माझं तिसरं म्युझियम.
पहिल्यात कुणा सेनापतीची दाढ होती, मखमलीवर.
दुसऱ्यात दोन डोक्यांचं वासरू, पेंढा भरलेलं;
एक काचेचा डोळा निखळलेला,
तो जपून बशीत ठेवलेला.
हे तिसरं, जुन्या रेल्वे स्टेशनात.
गाडी येत नाही, पण खिडकी तिकिटं देते:
मोठ्यांना तीन डॉलर, मुलांना मर्जीप्रमाणे.

व्हर्लीनबाई येतात. गाल सुजलेला.
बधिर ओठावरून शब्द घसरतात,
पण त्या एकही गाळत नाहीत.
मालकिणीच्या लग्नाच्या झग्यापाशी पाटी आहे:
शिवणारीचं नाव अज्ञात.
‘लुटिशा,’ बाई म्हणतात. ‘माझ्या पणजीची बहीण.
मी दर वर्षी सांगते. पाटी छापायला पैसे नसतात.’

मागच्या खोलीत, तुळईच्या कडीला
कापसाचा काटा. लोखंडी दांडी, आकडा,
पेरूएवढं सरकतं वजन.
आणि पाटी: अंदाजे १९२०. चालू स्थितीत.

‘बॅग अडकवा तुमची.’
विमानतळावर तोललेली बॅग, आकडा पाठ होता.
छत्तीस पौंड.
दांडी डुलली, थांबली.
एकतीस.

त्या हसल्या, अर्ध्याच तोंडाने.
‘वजन पोखरून आत शिसं ओतलंय.
आजोबा शंभर वेचायचे, शहाऐंशी भरायचे.
सूर्य उगवल्यापासून. चाळीस हंगाम.
मध्यंतरी जॅक्सनहून एक पोरगा आला,
दुरुस्त करून देतो म्हणाला, फुकटात.
मी दारातच उभी राहिले.
बिघडलंय कुठे ते?’

पाटीवरचा शब्द मी मनात मराठीत आणला. चालू.
आणि तो दोन्ही अंगांनी वाजला.

‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’
काटा मारणं, मी म्हटलं.
काटा म्हणजे हाच, तोलायचा.
आणि रुततो तोही.
त्यांनी बोटं पुढे केली.
‘बोंडाला असतात ते? मीही वेचलाय,
नऊ वर्षांची होईतो.’
‘काता,’ त्या म्हणाल्या. ‘काता.’
ठ, ट, ण आज जमणार नाहीत,
दुपारी भूल उतरली की बघू.

अभिप्रायाच्या वहीत माझ्या आधी कुणीतरी:
‘सुंदर! स्वच्छतागृह अगदी नीटनेटकं.’
मी नाव लिहिलं, गाव लिहिलं,
शेऱ्याच्या रकान्यात बॅगेचे दोन्ही आकडे.

किल्ली परत करायला गेलो
तेव्हा दुकानदार अजून खिळेच तोलत होता.
गिऱ्हाईक फोनवर बोलत होतं, तिकडे पाठ करून.
मी उगाच उभा राहिलो,
हिरवे आकडे थांबेपर्यंत.